माळव्याच्या धुना आणि श्रोत्यांचे दोन पक्ष

गायकाचे चरित्र लिहिले जाते, घराण्याची वंशावळ मांडली जाते. श्रोत्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक एखादे नवे गाणे समाजात रुजते की नाही याचा निर्णय शेवटी श्रोतेच करीत असतात आणि तो निर्णय एकमताने झाल्याचे उदाहरण विरळाच आढळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी रसिकांमध्ये असा एक दीर्घ मतभेद झाला. त्याचे कारण होते देवासला राहून कुमार गंधर्वांनी घडविलेले गाणे. त्या मतभेदाची हकीकत आजही विचार करण्याजोगी आहे.

ही हकीकत समजून घ्यावयाची तर प्रथम माळव्याच्या भूमीकडे पाहिले पाहिजे. देवास शहराच्या आग्नेयेस, विंध्याच्या कडेवर बागली हे गाव आहे. एके काळी ते मध्य भारतातील एका छोट्या राजपूत संस्थानाचे ठिकाण होते. आज ते देवास जिल्ह्यातील तहसिलीचे गाव आहे. बागलीजवळ काली सिंध नदी उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत जाऊन चंबळेला मिळते. गावाच्या एका अंगाला काळ्या मातीचे पठार, तर दुसऱ्या अंगाला नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरणारे डोंगर. या साऱ्या मुलखात गाणे हा निराळा उद्योग मानला जात नाही. चैत्रात गणगौरीची गाणी, पितृपक्षात भिंतीवर शेणाफुलांची संजा मांडून मुलींनी म्हटलेली गाणी, लग्नात बन्ना-बन्नीची गाणी आणि रात्री तंबुरा व मंजिरी घेऊन बसलेल्या मंडळींची कबीराची निर्गुण पदे, असा तेथील वर्षाचा क्रम असतो. महाराष्ट्रातील भोंडला किंवा भुलाबाई ज्यांना ठाऊक आहे, त्यांना संजेची गोडी वेगळी सांगावयास नको.

देवास शहराची संगीतपरंपरा मात्र निराळी होती. पवारांच्या थोरल्या व धाकट्या अशा दोन पात्या तेथे नांदत होत्या आणि त्यांच्याबरोबर आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या तेथे स्थायिक झाली होती. रजब अली खाँसाहेबांसारखा तालेवार गायक तेथे राहत असे. खानदानी ख्याल दरबाराच्या आश्रयाला आणि लोकगीत अंगणात, अशी वाटणी होऊन बसली होती. दोघांची गाठ पडण्याचे काही कारणच नव्हते.

ती गाठ पडली एका दुखण्यामुळे. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी बालवयातच ‘कुमार गंधर्व’ या नावाने प्रसिद्ध झाले होते. थोरथोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांची गायकी हुबेहूब गाऊन दाखविणारा हा मुलगा अकरा-बारा वर्षांचा असताना मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकावयास आला. देवधर स्वतः विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. परंतु एकाच घराण्याच्या चौकटीत शिष्याला कोंडावे, हा त्यांचा स्वभाव नव्हता. शिक्षण पुरे होऊन नाव होत असतानाच कुमारांना क्षयाने गाठले. वैद्यकीय सल्ल्यानुसार कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ मध्ये ते पत्नी भानुमतींसह देवासला आले. गाणे पूर्णपणे बंद झाले. पुढील काही वर्षे त्यांच्या वाट्याला अंथरूण आले आणि त्याबरोबर दारावरून जाणाऱ्या बायकांची, मजुरांची आणि भजनी फकिरांची गाणी. गाता येत नव्हते, ऐकता येत होते. ही सक्तीची विश्रांतीच त्यांची दुसरी शाळा झाली.

नव्या औषधांनी रोग हटला. एक फुफ्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले. १९५३ च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत बसू लागले, तेव्हा श्रोत्यांना पूर्वीचा गवई भेटला नाही. लोकधुनांच्या श्रवणातून त्यांनी एक सिद्धान्त बांधला होता. राग हा कोणा पंडिताने कागदावर आखलेला नाही. तो मुळात लोकांच्या धुनेत असतो आणि तीन-चार-पाच स्वरांच्या त्या धुनेतून त्याचा विस्तार करता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. या विचारातून संजारी, मालवती, मघवा, सहेली तोडी, लगनगंधार, अहिमोहिनी असे ‘धुनउगम’ राग जन्मास आले. त्यांच्या बंदिशीही बहुतेक त्यांनी स्वतःच रचल्या. १९६५ मध्ये मौज प्रकाशन गृहाने ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि मैफलीतील वादाला ग्रंथाचा आधार मिळाला.

वाद ज्या काळात रंगला तो काळ घराण्याच्या विचाराने भारलेला होता. वामनराव देशपांडे यांचा ‘घरंदाज गायकी’ हा ग्रंथ १९६१ मध्ये निघाला होता आणि सुशिक्षित मराठी श्रोता घराण्याच्या परिभाषेत बोलू लागला होता. अशा श्रोत्यांच्या एका पक्षाला कुमारांचे गाणे खटकले. हा कोणत्या घराण्याचा, हा त्यांचा पहिला प्रश्न. धून ही धून आणि राग हा राग. चार स्वरांच्या गीताला रागाची प्रतिष्ठा कशी द्यावी, हा दुसरा. अतिविलंबित लय त्यांनी टाळली, लांबलचक तानांऐवजी छोटे छोटे स्वरसमूह वापरले, मध्येच आवाज एकदम चढविला वा अगदी बारीक केला. यामुळे ख्यालाचे भव्यपण हरपते, असा तिसरा आक्षेप. हे प्रश्न विचारणारे अरसिक नव्हते. अनेक पिढ्यांनी मेहनतीने जपलेली शिस्त एकाच प्रतिभावंताच्या आवडीसाठी सैल झाली, तर मागाहून येणाऱ्या सामान्य शिष्याने कशाचा आधार धरावयाचा, ही त्यांची चिंता खरी होती.

दुसऱ्या पक्षाला हेच गाणे नवा साक्षात्कार वाटले. तंबोरे इतके नेमके जुळलेले, शब्दाचा उच्चार इतका अर्थपूर्ण आणि बंदिशीतला ऋतू, प्रहर, माणूस इतका सजीव त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता. ख्यालातील शब्द म्हणजे केवळ स्वर टांगण्याची खुंटी, ही समजूत येथे मोडली, असे ते सांगत. यात मराठी साहित्यिक व चित्रकार मंडळींचा भरणा मोठा होता. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा रसिक कुमारांचा जिवलग स्नेही होता आणि इंदूरच्या राहुल बारपुते, विष्णु चिंचाळकर प्रभृतींचा गोतावळा तर घरचाच होता.

दुखण्याची गोष्ट दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने वापरली. एक म्हणे, दम पुरत नाही म्हणून तुकडे पाडतो. दुसरा म्हणे, दम पुरत नसताना किती मोठे काम करतो! दोन्ही बोलण्यांत गाण्याकडे दुर्लक्षच होते. श्वासाच्या मर्यादेने छोट्या स्वरवाक्यांची निकड निर्माण केली असेल. परंतु त्या वाक्यांत काय सांगावयाचे ते फुफ्फुस ठरवीत नाही. ते माळव्यात ऐकलेल्या गाण्याने आणि त्यावर केलेल्या चिंतनाने ठरविले.

‘अनूपरागविलास’ निघाला त्याच १९६५ साली, जुलै महिन्यात, अमेरिकेतील न्यूपोर्ट येथील लोकसंगीताच्या महोत्सवात बॉब डिलन हा तरुण कवी-गायक विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांतून निषेधाचे आवाज उठले. लोकगीताला त्याने दगा दिला, असे त्याच्या जुन्या चाहत्यांना वाटले. पुढे २०१६ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोघांची दिशा परस्परविरुद्ध होती. एकावर लोकगीत सोडल्याचा ठपका आला, तर दुसऱ्यावर लोकगीत शास्त्रात आणल्याचा. श्रोत्यांचे दुःख मात्र सारखेच होते. आपल्या ओळखीचे घर कोणी तरी न विचारता बदलले, असे दोन्हीकडे वाटले.

कुमारांनी या घराला आणखीही खिडक्या पाडल्या. एकाच विषयाभोवती सबंध मैफल गुंफण्याची पद्धत त्यांनी हाती घेतली. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘मालवा की लोकधुनें’, कबीर-सूर-मीरा यांची ‘त्रिवेणी’, भा. रा. तांबे यांच्या कवितांची मैफल हे त्यांतील काही कार्यक्रम. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमाने तर मराठी माणसाच्या अगदी हळव्या जागी हात घातला. बालगंधर्वांची पदे जशीच्या तशी कानांत साठविलेल्या पिढीला दुसऱ्याचे ‘उमजणे’ सहज मानवणारे नव्हते. त्या नावातच गायकाचे उत्तर होते. ही नक्कल नाही, हे माझे आकलन आहे, असे ते नाव स्पष्ट सांगत होते.

१२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे कुमार गंधर्वांचे निधन झाले. पद्मभूषण आणि पद्मविभूषण हे सन्मान त्यांना हयातीतच लाभले होते. काळाने या वादाचा निवाडा दोन्ही पक्षांत वाटून दिला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. धुनउगम राग आजही मुख्यतः त्यांच्या शिष्यपरिवारातच गायले जातात. तेव्हा पहिल्या पक्षाची शंका अगदीच निराधार नव्हती. उलट, त्यांची निर्गुण भजने ज्यांना ख्यालाचे अंगही ठाऊक नाही अशा घरांत पोहोचली आणि विषयसूत्र धरून मैफल मांडणे आता नवलाचे राहिलेले नाही. एका पक्षाने कठोर परीक्षा घेतली, दुसऱ्याने मनापासून साथ दिली. केवळ वाहवा करणाऱ्या किंवा केवळ पाठ फिरविणाऱ्या समाजात हे गाणे इतके बारकाईने ऐकले गेले नसते.

मात्र या साऱ्या चर्चेत एक तिसरा श्रोता बाहेरच राहिला. पुण्यामुंबईच्या सभागृहांत धून श्रेष्ठ की राग श्रेष्ठ, यावर वाद झडत होते, तेव्हा बागलीच्या बाजूला खेड्यापाड्यांत संजा मांडणाऱ्या मुली आणि लग्नघरी गाणाऱ्या बाया आपली गाणी म्हणतच होत्या. शास्त्राने ज्यांच्या ठेव्यावर नवे राग उभारले, त्यांना ते राग कसे वाटले, हे त्यांना विचारावे असे वाद घालणाऱ्यांना सुचले नाही. कुमारांनी त्यांचे गाणे आदराने ऐकले आणि ते माळव्याचे आहे हे जगाला उघडपणे सांगितले, ही गोष्ट मोठीच होय. पण गायकाने मान्य केलेले ऋण श्रोत्यांनीही ओळखावे लागते. लगनगंधार ऐकून तृप्त होणाऱ्या रसिकाने एकदा पितृपक्षात माळव्यातील एखाद्या अंगणाशी उभे राहून संजेचे गाणे ऐकावे. त्यानंतर कोणत्या पक्षात बसावयाचे ते त्याने खुशाल ठरवावे.