दानीएलचा ग्रंथ

हिब्रू बायबलमधील हिब्रू व ॲरेमाइक भाषांतला ग्रंथ. कथानक ज्यूंच्या बॅबिलनमधील बंदिवासाचे. मात्र बहुतेक आधुनिक अभ्यासक त्याचे अंतिम रूप इ. स. पू. १६७–१६४ च्या सुमारास सिद्ध झाले असे मानतात. तेव्हा सेल्युसिड राजा चौथा अँटायओकस याने सुंता व शब्बाथपालनावर बंदी घालून जेरूसलेमचे मंदिर भ्रष्ट केले. धर्म सोडण्यापेक्षा अनेक ज्यूंनी मरण पत्करले. सिंहांच्या गुहेत टाकले जाण्याच्या धोक्यातही प्रार्थना न सोडणारा दानीएल अशांसाठीच रंगवलेला दिसतो. अकराव्या अध्यायातील भाकिते इतिहासाशी थक्क करण्याइतकी जुळतात, पण अँटायओकसच्या मृत्यूपाशी चुकतात. तिसऱ्या शतकात तत्त्वज्ञ पॉर्फिरीने नेमके यावर बोट ठेवून ग्रंथ उत्तरकालीन ठरवला. ख्रिस्ती धर्मपंडित जेरोमने त्याचा प्रतिवाद केला, परंतु तो पटण्याजोगा नाही.