नियतकालिकातला काळ : एका सुतारकामाच्या मासिकाच्या डिजिटल संग्रहानिमित्त

'नियतकालिक' या शब्दातच काळ आहे. ग्रंथकर्ता आपला ग्रंथ काळाला पुरून उरावा अशी इच्छा धरू शकतो. मासिकाच्या संपादकाला पुढचा अंक वेळेवर निघावा एवढीच चिंता असते. त्यामुळे एखाद्या मासिकाचे सगळे अंक एकत्र करून ते कायमचे उपलब्ध करून देण्यात मुळातच एक विसंगती आहे. वाङ्मयीन मासिकांच्या बाबतीत ती आपल्याला फारशी जाणवत नाही, कारण कथा-कविता अंकातून सोडवून पुस्तकात नेण्याची आपल्याला जुनी सवय आहे. कारागिरीच्या मासिकाचे तसे नाही. ते कामाच्या बाकावर उघडे पडलेले असते, त्यावर सरस सांडतो, कृती सांगणारे पान फाडून भिंतीला लावले जाते आणि काम संपले की अंक रद्दीत जातो. वापरून संपणे हेच त्याचे सार्थक.

अशा मासिकाचा डिजिटल संग्रह करण्यात काही अर्थ आहे का, हा प्रश्न वरवर पाहता सुतारांचा आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे लक्ष द्यावे असे मला वाटते. नियतकालिकाचा संग्रह म्हणजे नेमका कशाचा संग्रह, लेखांचा की अंकांचा, हा प्रश्न इथे वाङ्मयीन मोठेपणाच्या आवरणाशिवाय समोर येतो. त्याचे उत्तर काय द्यायचे, यावर मराठी नियतकालिकांच्या संग्रहांचेही बरेच काही अवलंबून आहे.

अमेरिकेतील 'फाइन वुडवर्किंग' हे या प्रश्नासाठी सोयीचे उदाहरण आहे. पॉल रोमन आणि जॅन रोमन या दांपत्याने कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन या गावी 'टॉन्टन प्रेस' स्थापून 1975 च्या हिवाळ्यात त्याचा पहिला अंक काढला. सुरुवातीला ते त्रैमासिक होते आणि पहिली काही वर्षे त्याची आतील पाने कृष्णधवल होती. घरगुती दुरुस्तीच्या सूचना देणारी नियतकालिके अमेरिकेत पुष्कळ होती. लाकूडकामाकडे गंभीर कला आणि शास्त्र म्हणून पाहणाऱ्या वाचकाची गरज या अंकाने ओळखली. लेखक बहुधा स्वतः काम करणारे किंवा शिकवणारे असत. मूळचे डॅनिश असलेले टागे फ्रिड 1948 मध्ये अमेरिकेत शिकवण्यासाठी आले होते. ते काटेकोर, वेगवान, कोणताही गूढवाद न मानणारी पद्धत सांगत. सायबेरियात जन्मलेले आणि स्वीडनमध्ये कसब शिकलेले जेम्स क्रेनोव लाकडाच्या शिरांशी मुकाट्याने चाललेल्या संवादाची भाषा बोलत. त्यांचे 'अ कॅबिनेटमेकर्स नोटबुक' 1976 मध्ये प्रसिद्ध झाले. मॅसेच्युसेट्स विद्यापीठातले ब्रूस होडली लाकडाचे शास्त्र समजावून देत. हवेतील ओलाव्यानुसार फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र बदलते. आणि वार्षिक वलयांच्या दिशेने होणारे आकुंचन केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट असते. चौकटीत बसवलेली फळी सरसाने चिकटवून टाकू नये, ती सैल ठेवावी, या पिढीजात नियमाचे कारण हे आहे.

हे तीन आवाज एकाच मासिकात नांदत होते आणि त्यांचे एकमेकांशी पटत होते असे मानण्याचे कारण नाही. फ्रिड यांना जे उगाच केलेले वाटे, ते क्रेनोव यांना कामाचा प्राण वाटे. या मासिकाचा इतिहास पाहायचा तर हा तणाव पाहिला पाहिजे, आणि तो एका लेखात सापडत नाही. तो एका अंकातल्या लेखावर पुढच्या अंकात आलेल्या पत्रांमध्ये, वाचकांनी कळवलेल्या युक्त्यांच्या 'मेथड्स ऑफ वर्क' या सदरामध्ये, प्रश्नोत्तरांमध्ये पसरलेला असतो.

या मासिकाचे संग्रह दोन तऱ्हांनी झाले. 1978 मध्येच प्रकाशकांनी पहिल्या काही अंकांतील निवडक लेख 'फाइन वुडवर्किंग टेक्निक्स' या पुस्तकात एकत्र केले आणि पुढे विषयवार संकलने काढली. नंतर सर्व अंक डीव्हीडीवर आले, आणि महाजालावर सदस्यांसाठी जुने लेख खुले झाले. दुसरी तऱ्हा पहिलीपेक्षा अर्थातच अधिक समावेशक दिसते. तरीही जालावरचा शोध वाचकाला मुख्यतः लेखाकडे नेतो. सांध्याचे नाव टंकले की 1977 चा, 1994 चा आणि 2015 चा लेख एकाच यादीत एकाखाली एक उभे राहतात. काम अडलेल्या सुताराला हे वरदान आहे. इतिहासाच्या वाचकाला मात्र यादीत तारीख दिसली तरी काळ दिसत नाही, कारण त्या लेखाच्या आधी आणि नंतर काय छापले गेले ते समोर येत नाही. शिवाय यंत्राची अक्षरओळख फक्त शब्द वाचते. लाकूडकामाचे अर्धे ज्ञान आकृतीत असते, आणि आकृतीला नाव कोणी माणसाने दिले असेल तरच ती शोधात सापडते. यासाठी जुन्या पद्धतीची, जाणकाराने केलेली विषयसूची अजूनही लागते.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण इंग्लंडमधील 'द वुडवर्कर' या 1901 मध्ये सुरू झालेल्या मासिकाचे आहे. चार्ल्स हेवर्ड यांनी 1939 ते 1967 या काळात त्याचे संपादन केले. ते स्वतः शिकलेले कारागीर होते. बराच मजकूर आणि आकृत्याही ते स्वतःच करीत. अमेरिकेतील 'लॉस्ट आर्ट प्रेस' या छोट्या प्रकाशनसंस्थेने हे सारे अंक वाचून त्यांतील निवडक लेख 2016 पासून जाडजूड खंडांत छापले. खंडांची रचना विषयवार आहे: हत्यारे, कृती, सांधे, कार्यशाळा आणि फर्निचर. सगळे काही यंत्राच्या हवाली करण्यापेक्षा जाणत्या माणसाने वाचून निवडावे, ही त्यामागची भूमिका. रंधा, पटाशी आणि करवत हाती घेऊन शिकू पाहणाऱ्याला या खंडांइतका उपयोग हजारो पानांच्या कोणत्याही संपूर्ण संग्रहाचा होणार नाही, हे मान्य केले पाहिजे.

पण हेवर्ड यांच्या कारकीर्दीची पहिली वर्षे कोणती होती हे विसरता येत नाही. महायुद्धामुळे ब्रिटनमध्ये कागद आणि लाकूड दोन्ही टंचाईचे झाले. 1942 पासून सरकारने 'युटिलिटी' नावाने ठरावीक नमुन्यांच्या फर्निचरची योजना आणली आणि ती 1952 पर्यंत चालली. अशा दिवसांत जुन्या सामानाचे लाकूड पुन्हा कसे वापरावे हे सांगणारा लेख आणि हौसेच्या, सुबत्तेच्या दिवसांतला तोच लेख, शब्द सारखे असले तरी, वेगळे आहेत. पहिला गरज सांगतो, दुसरा आवड. हत्यारांच्या खंडात शेजारी शेजारी छापल्यावर हा फरक पुसट होतो. संकलकांनाही त्याची जाणीव असावी, कारण मासिकाच्या आरंभी येणारे 'चिप्स फ्रॉम द चिझल' या सदरातील चिंतनपर स्फुट लेख त्यांनी 2020 मध्ये 'ऑनेस्ट लेबर' या वेगळ्या खंडात दिले. 1936 ते 1966 या तीस वर्षांचे ते लेख काळाच्या ओघात वाचता येतात, आणि म्हणूनच त्या मालिकेतील हा खंड इतिहासाच्या वाचकाला सर्वांत जवळचा वाटतो.

'लेख की पान' हा वाद केवळ अभ्यासकांचा आहे असे समजू नये. तो अमेरिकेच्या न्यायालयांतही लढला गेला. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध टासिनी' या खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी असा निर्णय दिला की, मुक्त लेखकांचे लेख अंकातून सुटे करून संगणकीय माहितीसाठ्यात देणे म्हणजे मूळ अंकाची नवी आवृत्ती नव्हे. त्यासाठी लेखकांची वेगळी परवानगी हवी. 'नॅशनल जिऑग्राफिक'ने 1997 मध्ये आपले सारे अंक 30 चकत्यांवर आणले होते; तिथे प्रत्येक पान मूळ स्वरूपात दिसत होते. त्यावरील खटले बरीच वर्षे चालले. 2005 मध्ये एका आणि 2008 मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने, पानांचा मूळ संदर्भ टिकवला असल्याने ही आवृत्तीच आहे, असे मानून प्रकाशकाच्या बाजूने कौल दिला. समीक्षेने फारसे मनावर न घेतलेले एक तत्त्व अशा रीतीने कायद्याने मान्य केले: मजकूर ज्या पानावर, ज्यांच्या शेजारी छापला गेला, ते शेजार त्याच्या अस्तित्वाचा भाग आहे.

काळ दिसणे का महत्त्वाचे, याचे सुतारकामात एक अतिशय व्यावहारिक उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला. जुना रंग खरवडण्यासाठी वापरले जाणारे मिथिलीन क्लोराइड हे रसायन अमेरिकेत 2019 मध्ये घरगुती वापराच्या रंगनाशकांतून बंद झाले. त्याआधी कित्येक दशके ते कार्यशाळेतील नेहमीची वस्तू होते. जुना अंक हे सारे न जाणता बोलतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण शोधयंत्राने आणून दिलेला सुटा लेख आजचा सल्ला म्हणून वाचला गेला, तर संग्रहाने त्या वाचकाचा घातच केला असे होईल. इथे काळाचे भान हा रसिकतेचा मुद्दा उरत नाही. तो फुप्फुसांचा प्रश्न होतो.

या निमित्ताने आपल्याकडे पाहणे भाग आहे. नियतकालिकांचे वार्षिक गठ्ठे बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची प्रथा जगभरच्या ग्रंथालयांत होती. त्या बांधीव खंडांवरून डिजिटल प्रती केल्या की जे एकदा गमावले ते कायमचे गमावले जाते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांचे 'मनोरंजन' 1895 मध्ये सुरू झाले आणि त्याचा 1909 चा दिवाळी अंक मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून सांगितला जातो. दिवाळी अंक ही संस्था समजून घ्यायची तर तिचे अर्थकारण समजले पाहिजे, आणि ते जाहिरातींत आहे. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेली 'किर्लोस्कर खबर' तर कारखान्याचीच पत्रिका होती; नांगर बनवणाऱ्यांच्या वसाहतीतून निघालेल्या त्या पत्रिकेचे पुढे मराठीतले एक प्रभावी मासिक झाले. या प्रवासातला वाङ्मयीन भाग तेवढा उचलला तर प्रवासच नाहीसा होतो. यंत्र, व्यापार आणि विचार एकाच मुखपृष्ठाखाली नांदत होते, ही त्या मासिकाविषयीची पहिली महत्त्वाची गोष्ट आहे.

अर्थात संग्रहाला मर्यादाही आहेत, आणि त्या मान्य केल्या पाहिजेत. सुतारकाम हे मुळात हाताने हाताला शिकवलेले ज्ञान. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (1915) बलुतेदारीचा विस्तृत हिशेब आहे. पण पटाशीवर किती जोर द्यावा हे त्या काळचा सुताराचा मुलगा पुस्तकातून शिकत नव्हता. बापाशेजारी बसून तो शिके. कारागिरीचे मासिक निघते ते ही साखळी सैल झाल्यावर, शेजारी बसायला कोणी नसलेल्या माणसासाठी. 'फाइन वुडवर्किंग'च्या वाचकांतही हौसेने काम करणारे, एकटेच शिकणारे पुष्कळ होते. म्हणूनच त्यातला पत्रव्यवहार मोलाचा: तिथे न भेटलेली माणसे एकमेकांचे हात सुधारत होती.

तर मग निकाल काय? असा संग्रह करण्यासारखा आहे, पण तीन कसोट्यांवर उतरला तर. पहिली, अंक मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत अखंड असावा आणि सापडलेल्या लेखावरून त्याच्या मागच्या-पुढच्या पानावर जाता यावे. दुसरी, यंत्राच्या शोधाबरोबर जाणकाराने केलेली, आकृत्याही सामावणारी सूची असावी. तिसरी, आणि माझ्या मते निर्णायक, अशी की एखाद्या लेखातील चूक हाती लागली तर तिची दुरुस्ती करणाऱ्या पुढील अंकातल्या पत्रापर्यंत वाचकाला पोहोचता यावे. पहिल्या कसोटीवर सुट्या लेखांचा कोणताही साठा नापास होतो आणि दुसरीवर नुसती छायाप्रतींची चकती. हेवर्ड यांचे खंड उत्तम पुस्तके आहेत, पण त्यांनी मूळ मासिकाची गरज संपत नाही. उलट ती अधिक जाणवू लागते.

मराठी नियतकालिकांचे गठ्ठे आज जिथे जिथे यंत्राखाली ठेवले जात आहेत, तिथे याच कसोट्या आधी विचारायला हव्यात. बांधणीत कापला न गेलेला एखादा सुटा, डागाळलेला अंक कोणाच्या माळ्यावर मिळाला, तर नीटनेटक्या बांधीव खंडाऐवजी छायाप्रतीसाठी तोच निवडावा.