विमानाच्या पंखावरची शिवण



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक अर्ज आला. गटातल्या एका बाईच्या मुलीला वैमानिक व्हायचं आहे. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या धावपट्टीवरून 2025 च्या एप्रिलमध्ये मुंबईचं विमान सुरू झालं. ते पाहून पोरीच्या डोक्यात हे भरलं. शिक्षणाचा खर्च लाखांत. आई म्हणाली, "गटाचं कर्ज द्या, माझं सोनंही मोडते." तेव्हा कोपऱ्यातली एक आजी बोलली, "इमान काय घरच्या पैशानं उडते काय, माय?"

सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही जाईना. म्हणून आम्ही विमानाचा इतिहास शोधायला बसलो. उत्तर असं सापडलं, की विमान घरच्या पैशानं उडतंच, पण आधी ते घरीच तयार झालं होतं. आणि त्यात बायांचा वाटा होता.

गोष्ट अमेरिकेतली. डेटन गावात विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे दोघे भाऊ सायकलचं दुकान चालवत. कॉलेजची पदवी दोघांकडेही नव्हती. सरकारची मदत नव्हती. त्यांची आई सुसान हाताची मोठी कसबी होती. तिचे वडील गाड्या बनवणारे, त्यामुळे अवजारं तिच्या ओळखीची. मुलांची खेळणी ती स्वतः बनवायची. विमान उडालेलं पाहायला ती राहिली नाही, 1889 मध्येच वारली.

1900 साली विल्बर पहिलं मोठं, इंजिन नसलेलं विमान घेऊन समुद्रकाठच्या किटी हॉक या वस्तीत गेला. पंखासाठी 18 फुटांची लाकडं हवी होती. वाटेत मिळाली ती 16 फुटांची. आता कापड मोठं आणि पंख लहान! मग त्याने काय केलं? तिथल्या ॲडी टेट नावाच्या बाईंचं शिलाई मशीन मागून घेतलं आणि पंखाचं कापड कापून पुन्हा शिवलं. ब्लाउज मोठा झाला तर आपण बाजूला टिपा मारतो, तसंच. त्या वर्षीचे प्रयोग संपल्यावर ते विमान तिथेच सोडून दिलं. ॲडीबाईंनी त्याचं चांगलं साटीनचं कापड काढून घेतलं आणि आपल्या दोन पोरींना त्याचे फ्रॉक शिवले. चांगलं कापड वाया घालवील ती बाई कसली!

पुढे 17 डिसेंबर 1903 ला इंजिनवालं विमान उडालं. पहिलं उड्डाण 12 सेकंदांचं, 120 फुटांचं. विहिरीतून एक बादली ओढेपर्यंत संपलं असतं. त्याच्या पंखांवर होतं सुती मलमल. म्हणजे कापूस! तो आपल्या वऱ्हाडातला नव्हता, अमेरिकेतला होता. पण पऱ्हाटीच्या बोंडातून निघणाऱ्या धाग्यावरच माणूस पहिल्यांदा इंजिनवाल्या विमानातून हवेत गेला, हे कापूस वेचणाऱ्या आपल्या हातांना कुणी सांगितलंच नाही.

त्या भावांची बहीण कॅथरिन. ती शाळेत शिकवायची आणि घरही सांभाळायची. 1908 च्या सप्टेंबरमध्ये ऑर्व्हिलचं विमान पडलं, सोबतचा माणूस दगावला, ऑर्व्हिलचे हाडं मोडले. कॅथरिनने रजा टाकली आणि कित्येक आठवडे दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून राहिली. त्या नोकरीवर ती पुन्हा गेलीच नाही. जगाला दोन भावांची नावं पाठ आहेत. बहिणीचं नाव तुम्ही आज पहिल्यांदा ऐकलं असेल. आम्हीही आत्ताच ऐकलं.

पुढे तिकडे घरी विमान बनवणाऱ्या हौशी लोकांची संख्या वाढली. 1953 मध्ये त्यांची एक संघटनाही उभी राहिली. आता तर विमानाचे सुटे भाग संचात मिळतात. पेट्या घरी आणायच्या आणि गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं जोडत बसायचं. तिथला नियम असा, की अर्ध्याहून जास्त काम त्या हौशी माणसाने स्वतः केलेलं असलं पाहिजे. पंख कापडी असतील तर त्यावर आता बहुतेक पॉलिस्टरचं कापड लावतात आणि ते घट्ट ताणून बसावं म्हणून त्यावरून चक्क इस्त्री फिरवतात.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. सातारा जिल्ह्यातल्या एका कुटुंबाचे अमोल यादव हे पेशाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात त्यांचं 19 माणसांचं एकत्र कुटुंब. त्यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवलं. संच आणून जोडलेलं नाही, स्वतः आखून बनवलेलं. अवजड यंत्रं अरुंद जिन्यावरून वर चढवली. त्याआधी बनवलेली दोन विमानं हवेत गेलीच नव्हती. हे तिसरं. 2016 च्या फेब्रुवारीत ते गच्चीवरून उतरवून मुंबईतल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ठेवलं. लोकांनी गर्दी केली.

पण विमान तयार होणं वेगळं आणि उडायची परवानगी मिळणं वेगळं. नोंदणीसाठी अर्ज 2011 चा, नोंदणी मिळाली 2017 च्या नोव्हेंबरमध्ये. उडवून पाहायची परवानगी 2019 मध्ये. आणि 2020 मध्ये ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं. सातबाऱ्यावर नाव चढवायला तहसीलचे खेटे घातलेल्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

एवढी वर्षं पैसा कुठून आला? घरातून. पगार, घरची मालमत्ता, दागिने. विमान एकाच्या नावाचं, पण त्याचं ओझं अख्ख्या घराने उचललं. त्या 19 माणसांच्या घरात रोजचा स्वयंपाक होतच असणार, पोरांच्या फिया भरल्या जातच असणार. त्याची बातमी होत नाही.

मैत्रिणींनो, आम्ही हे काही कुणाला दोष द्यायला सांगत नाही. मोठं स्वप्न असंच पुरं होतं, घर त्याच्यामागे उभं राहतं. पण घर उभं राहतं म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई उभी राहते. आणि तिचं देणं कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. दोन विमानं न उडता गेली, तिसरं उडालं. न उडालेल्या दोघांचा खर्चही कुणाच्या तरी घरातूनच गेला होता.

म्हणून त्या अर्जाचं आम्ही काय केलं, ते सांगतो. पोरीला नाही म्हटलं नाही. तिच्या आईला म्हटलं, सगळं सोनं मोडू नको, निम्मं राहू दे. घर गहाण टाकायचा विषय निघाला तर तुझ्या सहीशिवाय कागद पुढे जाऊ देऊ नको. कर्ज टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं. पहिलं वर्ष पार पडलं की दुसरा हप्ता. आणि गटाच्या वहीत लिहिलं: अमुक तोळे सोनं, आईचं, मुलीच्या शिक्षणासाठी दिलं. तारीख टाकली. मुलीने त्याखाली सही केली.

आजीला वही वाचून दाखवली. ती म्हणाली, "आता उडू द्या तिले."

तुमच्या गटाच्या वहीत अशी नोंद आहे का? पुढच्या बैठकीत एकदा पाहा आणि नसेल तर लिहायला घ्या. भेटू पुन्हा, याच वेळी. नमस्कार.