दरवेळी दूरचा वाटा

कॅनडाच्या उत्तरेतल्या अँग्लिकन बिशपांची गोष्ट निघाली की आयझॅक स्ट्रिंगर यांचे बूट आधी आठवतात. १९०९ साली डोंगरात वाट चुकल्यावर त्यांनी सीलच्या कातड्याचे बूट उकडून खाल्ले आणि ते जगले. मला मात्र त्यांच्या आधीचे बिशप, विल्यम कार्पेंटर बॉम्पास, अधिक मोठे वाटतात.

बॉम्पास हे लंडनच्या एका वकिलाचे चिरंजीव. १८६५ साली, फोर्ट युकॉनचे मिशनरी रॉबर्ट मॅकडॉनल्ड अत्यवस्थ असल्याची बातमी आली. त्यांच्या जागी जायला हे एकतिसाव्या वर्षी तयार झाले. जूनअखेर निघाले. वाटेत नद्या गोठल्या, होड्या थांबल्या. तेव्हा बर्फावर चालायचे जाळीचे जोडे बांधून त्यांनी पायी मजल मारली आणि नाताळच्या सकाळी मॅकेन्झी नदीकाठचे फोर्ट सिम्प्सन गाठले. एवढ्या हिवाळ्यात कोणी येईल असे तिथे कुणाच्या मनातही नव्हते. मॅकडॉनल्ड तोवर बरे झाले होते!

मग बॉम्पास एका ठाण्यावर टिकलेच नाहीत. फर-व्यापाऱ्यांच्या कोठ्या, डेने या मूळ रहिवाशांचे तळ, इनुइटांची बर्फाची घरे असे ते हिंडत राहिले, भाषा शिकत राहिले, आणि त्या भाषांत प्राथमिक वाचनाची नि प्रार्थनेची पुस्तके रचत गेले. वसंतातल्या बर्फावरच्या उन्हाने त्यांना दिसेनासे झाले, तेव्हा एका इनुइट मुलाचा हात धरून ते पुढे चालले.

१८७४ साली लंडनमध्ये त्यांना अथाबास्का धर्मप्रांताचे बिशप केले. त्याच आठवड्यात नात्यातल्या शार्लोट सेलिना कॉक्स यांच्याशी लग्न झाले. त्यानंतर बॉम्पास इंग्लंडला परतले नाहीत. १८८४ साली धर्मप्रांत विभागला, तेव्हा दक्षिणेचा बरा भाग दुसऱ्याला देऊन त्यांनी मॅकेन्झी नदीचा भाग घेतला. १८९१ साली तोही विभागला, तर डोंगरापलीकडचे युकॉन घेतले. ज्येष्ठ म्हणून सोपा वाटा मागणे त्यांना सहज शक्य होते. या निवडीची किंमत शार्लोट यांनीही मोजली: नवरा महिनोन् महिने प्रवासात, आणि मूळच्या दान्ते वाचणाऱ्या या बाईंच्या वाट्याला लाकडी खोलीतला लांबलचक हिवाळा.

१८९६ साली क्लोंडाइकला सोने सापडले आणि हजारो माणसे तिकडे धावली. बॉम्पास यांचे लक्ष मूळ रहिवाशांवरून ढळले नाही. १९०६ साली युकॉनमधल्या कारक्रॉसला त्यांचा अंत झाला.

तिथे त्यांनी चालवलेली शाळा पुढे १९११ साली चूटला निवासी शाळा झाली. कॅनडाच्या अशा शाळांनी मूळ रहिवाशांच्या मुलांना आईबापांपासून तोडले, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा केल्या. ज्यांच्या भाषा शिकण्यात बॉम्पास यांचे आयुष्य गेले, त्यांचीच ही मुले. हे पुढचे पान वगळून त्यांचे चरित्र सांगणे मला अप्रामाणिक वाटते. १९९३ साली कॅनडाच्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख मायकेल पीअर्स यांनी या शाळांतल्या चर्चच्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली.