एपिड्युरल चालू असताना उसळणारी प्रसूतिवेदना
कमरेच्या मणक्यांमधून बसवलेल्या बारीक नळीतून भुलीचे औषध सुरू असतानाही प्रसूतीत पुन्हा उसळणारी कळ. ‘थोडे सोसायचेच’ हे उत्तर येथे गैर आहे. अशी कळ आधी तपासणी मागते. अंगावर बर्फ फिरवून बधिरता कुठवर आहे ते पाहतात. ती एकाच बाजूला असल्यास नळी सुमारे १ सेंमी. मागे घेऊन सौम्य ब्युपिव्हकेन व फेंटानिलचा जादा डोस देतात. तपासणीआधीच डोस द्यावा, हा आग्रह कळवळ्याचा खरा; पण नळी रक्तवाहिनीत सरकली असेल तर तोच डोस जिवावर बेतू शकतो. शिवाय सिझेरियनचा जुना व्रण असताना अचानक उठलेली, न थांबणारी कळ गर्भाशय फाटल्याचीही असू शकते. जादा औषधाने जोर लावता येत नाही, ही भीती मुख्यतः जुन्या तीव्र मात्रांची आहे; ब्रिटनमधील ‘कॉमेट’ चाचणीत (२००१) सौम्य मात्रेने नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढले. जादा डोसानेही गुण न आल्यास नळी नव्याने बसवावी.