‘लाइव्ह आफ्टर डेथ’ (१९८५) : ध्वनिमुद्रित मैफलीचे ऐतिहासिक मूल्य

प्रस्तावना

समकालीन इतिहासलेखनात ध्वनिमुद्रण हे आता एक मान्य साधन आहे. तथापि, लोकप्रिय पाश्चात्त्य संगीताच्या, विशेषतः हेवी मेटल या संगीतप्रकाराच्या ध्वनिमुद्रिकांकडे अभ्यासकांनी बराच काळ केवळ करमणुकीची वस्तू म्हणून पाहिले. आयर्न मेडन या ब्रिटिश वाद्यवृंदाची ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ ही दुहेरी ध्वनिमुद्रिका १४ ऑक्टोबर १९८५ रोजी प्रकाशित झाली. प्रत्यक्ष मैफलीचा पुरावा म्हणून तिच्यावर कितपत विसंबता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

बासवादक स्टीव्ह हॅरिस याने १९७५ मध्ये पूर्व लंडनमध्ये या वाद्यवृंदाची स्थापना केली. १९८१ मध्ये गायक ब्रूस डिकिन्सन आणि १९८२ च्या अखेरीस तालवादक निको मॅकब्रेन दाखल झाले. गिटारवादक डेव्ह मरी व एड्रियन स्मिथ यांच्यासह झालेल्या या संचाने १९८४ मध्ये ‘पॉवरस्लेव्ह’ हा प्राचीन इजिप्तची प्रतीके वापरणारा अल्बम काढला. त्याच्या प्रचारार्थ निघालेला जागतिक दौरा ९ ऑगस्ट १९८४ रोजी पोलंडची राजधानी वॉर्सा येथे सुरू झाला आणि सुमारे अकरा महिन्यांनी, ५ जुलै १९८५ रोजी कॅलिफोर्नियात संपला. पोलंडमधील लष्करी कायदा उठून तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. ‘टू मिनिट्स टू मिडनाइट’ हे गीत अणुयुद्धाच्या भीतीतून आले होते. अणुशास्त्रज्ञांचे प्रतीकात्मक घड्याळ १९८४ मध्ये मध्यरात्रीपासून तीन मिनिटांवर होते, हे लक्षात घेतल्यास त्या भीतीचे स्वरूप स्पष्ट होते.

साधनाची चिकित्सा

मार्टिन बर्च निर्मित या ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या तीन बाजू मार्च १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच अरेना येथे, तर चौथी बाजू ऑक्टोबर १९८४ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन येथे मुद्रित झाली. म्हणजेच एकसंध वाटणारी ही मैफल दोन खंडांतील, पाच महिन्यांच्या अंतराने झालेल्या अनेक रात्रींतून सिद्ध झाली आहे. दौऱ्याचा आरंभ पूर्व युरोपात झाला असूनही तेथील श्रोत्यांचा आवाज तीत नाही. तो भाग ‘बिहाइंड द आयर्न कर्टन’ या माहितीपटात आढळतो. त्यामुळे संपूर्ण दौऱ्याचे प्रतिनिधित्व ही ध्वनिमुद्रिका करीत नाही.

दुसरा मुद्दा अस्सलपणाचा आहे. जुडास प्रीस्टच्या १९७९ च्या ‘अनलीश्ड इन द ईस्ट’ या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेतील गायन नंतर स्टुडिओत पुन्हा मुद्रित केल्याचे पुढे मान्य करण्यात आले. आयर्न मेडनने मात्र अशी कोणतीही भर घातली नसल्याचे सांगितले आहे. येथे एक विरोधाभास नोंदविणे आवश्यक ठरते. ध्वनिमुद्रिकेचा प्रारंभ विन्स्टन चर्चिल यांच्या ४ जून १९४० च्या भाषणातील उताऱ्याने होतो. त्या काळी संसदेतील भाषणे ध्वनिमुद्रित होत नसत. आज सर्वपरिचित असलेला तो आवाज चर्चिल यांनी १९४९ मध्ये पुन्हा मुद्रित केलेला आहे. अर्थात, प्रत्यक्षतेचा दावा करणाऱ्या मैफलीचे प्रवेशद्वारच एका पुनर्निर्मितीने सजले आहे.

मूल्यमापन

या मर्यादा मान्य केल्या तरी ध्वनिमुद्रिकेचे महत्त्व कमी होत नाही. कोलरिजच्या १७९८ मध्ये प्रकाशित झालेल्या दीर्घकाव्यावर आधारित ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ ही तेरा मिनिटांहून दीर्घ रचना हजारो श्रोत्यांसमोर सादर होते आणि तिच्या मधल्या संथ, जवळजवळ निःशब्द भागातही ताण टिकून राहतो. केवळ गोंगाट हवा असलेल्या जमावाकडून असे ऐकणे घडत नाही. याउलट, स्टुडिओत सव्वातीन मिनिटांचे असलेले ‘रनिंग फ्री’ हे गीत येथे श्रोत्यांच्या सहभागामुळे आठ मिनिटांपलीकडे जाते. मूळ रचना आणि सादरीकरण यांतील हे अंतर म्हणजेच श्रोत्यांचा वाटा होय आणि तो अन्य कोणत्याही लिखित साधनात सापडत नाही. प्रारंभीच्या कॉम्पॅक्ट डिस्क आवृत्तीत जागेअभावी चौथी बाजू वगळण्यात आली होती. पुढील आवृत्त्यांत ती परत आली. साधनाचे माध्यम बदलले की पुरावाही बदलतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

या ध्वनिमुद्रिकेचा महाराष्ट्राशीही संबंध आला. १९८०च्या दशकातील रचना आणि त्या इजिप्शियन रंगमंचाची आठवण जागविणारा नवा जागतिक दौरा १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू झाला. ज्या मैफलीचे रूप येथील रसिकांना दोन दशके केवळ ध्वनिमुद्रणातून ज्ञात होते, ते त्यांच्यासमोर साकार झाले.

निष्कर्ष

‘लाइव्ह आफ्टर डेथ’ ही एका रात्रीची तंतोतंत नोंद नाही. ती निवडलेली, जुळविलेली नोंद आहे. परंतु बखर असो वा अभिलेख, निवड कोणत्याही साधनाला चुकलेली नाही. काय वगळले आहे, हे ओळखून ऐकल्यास ही ध्वनिमुद्रिका शीतयुद्धाच्या अखेरच्या दशकातील एका समूहभावनेचा विश्वसनीय पुरावा ठरते, असे म्हणता येईल.