कंबरदुखीवर गांजाचे औषध: नवी चाचणी काय सांगते आणि ‘सीबीडी तेल’ म्हणजे तेच का?

तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या कंबरदुखीवर चांगली औषधे फारशी नाहीत. पॅरासिटामॉल बऱ्याचदा पुरे पडत नाही, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास पोट आणि मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो, आणि अफूच्या वर्गातील वेदनाशामकांची सवय लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. म्हणूनच व्हर्टानिकल या जर्मन कंपनीच्या ‘व्हीईआर-०१’ या औषधाची एवढी चर्चा झाली. ते गांजाच्या झाडाच्या एका ठरावीक वाणाच्या अर्कापासून बनते.

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात त्याच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष आले. साध्या वेदनाशामकांनी आराम न पडलेल्या ८२० रुग्णांना १२ आठवडे एकतर हे औषध दिले गेले किंवा तसेच दिसणारे, पण औषध नसलेले द्रव्य (प्लासिबो). ० ते १० या मोजपट्टीवर औषध घेणाऱ्यांची वेदना सरासरी १.९ अंकांनी कमी झाली.

ऐकायला मोठे वाटते, पण प्लासिबो घेणाऱ्यांनाही बरे वाटले होते. दोन्ही गटांतला फरक फक्त ०.६ अंकांचा. तो योगायोगाने आलेला नाही, पण ‘गांजाने कंबरदुखी पळाली’ असे म्हणण्याइतका मोठाही नाही. औषध घेणाऱ्यांची झोप मात्र सुधारली. चक्कर, थकवा, मळमळ यांसारखे त्रास औषधाच्या गटात ८३ टक्के, तर प्लासिबोच्या गटात ६७ टक्के लोकांना झाले. बहुतेक त्रास सौम्य ते मध्यम होते, तरी त्यापायी सुमारे १७ टक्के लोकांनी औषध सोडले. सवय लागल्याची किंवा औषध थांबवल्यावर त्रास झाल्याची चिन्हे दिसली नाहीत. अफूवर्गीय गोळ्यांच्या तुलनेत ही खरी जमेची बाजू.

आता मुख्य गोंधळाकडे. या औषधाच्या एका मात्रेत २.५ मिलिग्रॅम टीएचसी असते, म्हणजे गांजाची नशा आणणारा घटक. सीबीडी जवळजवळ नसतेच. मेंदू आणि मज्जारज्जूतील ‘सीबी-१’ या ग्राहींवर टीएचसी काम करते आणि वेदनेचे संदेश मंदावतात. सीबीडी या ग्राहींना फारसे धरत नाही, म्हणून त्याची नशाही येत नाही. त्यामुळे या चाचणीचा हवाला देऊन सीबीडी तेल विकणे म्हणजे एकाची परीक्षा आणि दुसऱ्याला गुण. सीबीडीची वेगळी परीक्षा झाली आहे: ऑस्ट्रेलियात अचानक उद्भवलेल्या कंबरदुखीच्या १०० रुग्णांवर ४०० मिलिग्रॅमचा एक डोस देऊन पाहिला गेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तो प्लासिबोपेक्षा सरस ठरला नाही.

भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजा (झाडाचे फुलोरे) आणि चरस यांवर बंदी आहे, पण फुलोऱ्याशिवायची पाने त्या व्याख्येत येत नाहीत. याच वाटेने पानांच्या अर्काची ‘विजया’ तेले आयुर्वेदिक औषधांच्या परवान्यावर ऑनलाइन विकली जातात. परवाना असणे म्हणजे वर सांगितल्यासारखी चाचणी झालेली असणे नव्हे. महाराष्ट्रात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय भांग बाळगणेही गुन्हा आहे.

असे तेल घरात कोणी घेत असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. सीबीडीमुळे वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढू शकतो. टीएचसी घेतल्यावर गाडी चालवू नये, आणि गरोदरपणात किंवा मानसिक आजार असल्यास ते टाळावे. कंबरदुखीसोबत पायांतली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा गुप्तांगाभोवती बधिरपणा आला, तर मात्र कोणत्याही तेलाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.